थिआल्फ आणि बारा हजार माणसांची ऊब

शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. आमच्या धंद्यात हे पहिल्या महिन्यातच पाठ होतं. हॉल कुठलाही असो, एसी किती टनांचा लागेल हे ठरवताना आधी डोकी मोजायची. मी शीतकरणातली इंजिनिअर, नोकरीनिमित्त नेदरलँड्सच्या उत्तरेला, फ्रीसलँड प्रांतात येऊन राहिलेली. इथे आल्यापासून ऑफिसातल्या प्रत्येकाने "थिआल्फ पाहिलंस की नाही?" असं विचारून भंडावलं, तेव्हा एका शनिवारी हेरेनवेन गावातल्या या स्पीड स्केटिंगच्या बंदिस्त स्टेडियमला गेले. सगळे बर्फाकडे बघत होते, मी गॅलरीकडे. क्षमता साडेबारा हजार. म्हणजे भरलेल्या स्टेडियममध्ये सव्वा मेगावॅट उष्णता, तीही प्रेक्षक हाताची घडी घालून बसले तर. फ्रीसलँडची माणसं एरवी मोजकं बोलतात, पण इथे कुणीही हाताची घडी घालून बसत नाही.

नुसती उष्णता असती तरी एक वेळ भागलं असतं. माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला पन्नासेक ग्रॅम पाणी हवेत सोडतो. बारा हजारांचा हिशोब केला तर तासाला अर्ध्या टनाहून जास्त वाफ. ही वाफ हॉलमधल्या सगळ्यात थंड जागी जाऊन बसणार, म्हणजे नेमकी बर्फावर. तिथे तिचा खरखरीत पांढरा थर जमतो आणि स्केटचं पातं त्यात अडखळायला लागतं. फ्रीजचं दार सताड उघडं ठेवून समोर बारा हजार पाहुणे बसवायचे, आणि आतल्या बर्फाला मात्र त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, असा हा उद्योग. त्या दिवशी कोण जिंकलं ते मला आठवत नाही. छताखालचे हवेचे पाइप मात्र मी शेवटपर्यंत मोजत होते.

स्पीड स्केटिंग ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ४०० मीटरची लंबगोल धावपट्टी, दोन लेन, एका वेळी दोनच स्केटर. दोघे शेजारी असले तरी खरी शर्यत घड्याळाशी, कारण निकाल सगळ्या जोड्यांच्या वेळा लावून ठरतो. वळणावर आतली लेन छोटी पडते, म्हणून दोघांनी दर फेरीत समोरच्या सरळ पट्ट्यावर लेनची अदलाबदल करायची. अंतरं ५०० मीटरपासून १०,००० मीटरपर्यंत. दहा हजार म्हणजे पंचवीस फेऱ्या, जेमतेम तेरा मिनिटं, आणि बघणाऱ्याला काही कळत नसेल तर जगातला सगळ्यात कंटाळवाणा खेळ. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं.

आता गावाबद्दल. हेरेनवेन १५५१ साली वसलं ते पीट खोदण्यासाठी. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं साचलेला वनस्पतींचा थर. कापून वाळवला की उत्तम जळण. ते वाहून न्यायला कालवे खणले आणि हिवाळ्यात कालवे गोठले की माणसं त्यावरूनच शेजारच्या गावी जायला लागली. लाकडी पट्टीत बसवलेलं लोखंडी पातं चामड्याच्या वादीने बुटाला बांधायचं आणि निघायचं. स्पर्धा, बक्षिसं, क्लब हे सगळं नंतर आलं. गावातल्या बर्फ-क्लबची स्थापना १८५५ मधली आणि त्याचं नाव थिआल्फ. नॉर्स पुराणातल्या थोर देवाचा हा चपळ सेवक. कथेत त्याची धावण्याची शर्यत लागते ती थेट विचाराशी, आणि तो तीनदा हरतो. हरलेल्या धावपटूचं नाव क्लबला देणाऱ्या त्या मंडळींचं मला कौतुक वाटतं.

नैसर्गिक बर्फाची पंचाईत अशी की तो येईल तेव्हा येणार. काही हिवाळे नुसत्या पावसात जातात. त्यामुळे १९६१ मध्ये ॲमस्टरडॅमला देशातली पहिली ४०० मीटरची कृत्रिम बर्फाची धावपट्टी झाली, पुढच्याच वर्षी डेव्हेंटरला दुसरी. तोवर आर्ड श्चेन्क आणि केस फेरकेर्क या डच स्केटरांच्या जोडीने सगळ्या देशाला रेडिओ-टीव्हीसमोर बसवायला सुरुवात केली होती. फ्रीसलँडच्या वाट्याला अशी धावपट्टी यायला १९६७ उजाडलं. १४ ऑक्टोबरला राजकन्या क्रिस्टिना यांच्या हस्ते हेरेनवेनच्या पट्टीचं उद्घाटन झालं.

तेव्हा छप्पर नव्हतं. खाली काँक्रीटमध्ये नळ्या, त्यांतून फिरणारा अतिथंड द्रव, वर पातळसा बर्फ आणि त्याच्यावर उघडं आभाळ. तंत्रज्ञान म्हणून ही अर्धवटच सोय म्हणायची. नळ्या बर्फाला खालून थंड ठेवतात, पण वरून येणाऱ्या पावसाचं, वाऱ्याचं, उन्हाचं काय करणार? आणि जोड्या एकामागून एक धावत असल्याने अन्याय तर ठरलेलाच. पहिल्या जोडीला स्वच्छ, कडक बर्फ मिळाला आणि तासाभराने पाऊस आला, की पुढच्यांनी पाण्यातून चालवल्यासारखं स्केटिंग करायचं. चिठ्ठीत कितवा क्रमांक निघतो यावर पदक हलायचं. तरीही त्या उघड्या पट्टीवर मोठमोठ्या गोष्टी घडल्या. १९७७ मध्ये अमेरिकेचा एरिक हायडन इथेच पहिल्यांदा ऑलराउंड, म्हणजे छोटी-मोठी अंतरं मिळून ठरणारा, विश्वविजेता झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. तीन वर्षांनी त्याने ऑलिंपिकमध्ये पाचच्या पाच सुवर्णपदकं घेतली. आणि त्याच १९८० च्या हिवाळ्यात, पुन्हा हेरेनवेनमध्येच, डच हिल्बर्ट फान डर डाउमने त्याच्याकडून विश्वविजेतेपद काढून घेतलं. हे दुसरं वाक्य इथली साठीपुढची माणसं पहिल्यापेक्षा जरा जोरात सांगतात.

छप्पर आलं १९८६ मध्ये. १७ नोव्हेंबरला बंदिस्त थिआल्फ सुरू झालं. अशा बंदिस्त ४०० मीटरच्या धावपट्ट्यांमध्ये ते जगातलं दुसरं, पहिलं त्याच वर्षी पूर्व बर्लिनमध्ये झालेलं. तिसरं कॅल्गरीचं, जिथे १९८८ मध्ये ऑलिंपिकचं स्पीड स्केटिंग पहिल्यांदा छताखाली गेलं. त्यानंतर मोठी स्पर्धा उघड्यावर हा प्रकार हळूहळू संपत आला.

पण १९८६ साल मला वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहतं. त्या वर्षी २६ फेब्रुवारीला एल्फस्टेडेनटोख्त झाली होती. ही फ्रीसलँडमधल्या अकरा शहरांना जोडणारी, गोठलेल्या कालव्यांवरून आणि तळ्यांवरून जाणारी सुमारे २०० किलोमीटरची फेरी. १९०९ पासून आजवर फक्त पंधरा वेळा झालेली, कारण वाटेत सगळीकडे १५ सेंटिमीटर बर्फ असल्याशिवाय ती भरवत नाहीत. १९८६ मध्ये सध्याचे राजे विलेम-अलेक्झांडर, तेव्हाचे युवराज, 'डब्ल्यू. ए. फान ब्युरेन' असं नाव घेऊन हजारो लोकांत मिसळून ती पूर्ण करून आले. फेब्रुवारीत अख्खा प्रांत उघड्या बर्फावर, नोव्हेंबरमध्ये बर्फावर छप्पर. त्यानंतर ही फेरी एकदाच झाली, ४ जानेवारी १९९७ ला. आता तिशीच्या आत असलेल्या इथल्या कुणालाही ती आठवत नाही. जिद्दीचे लोक दर वर्षी ऑस्ट्रियातल्या वाइसनझे तळ्यावर जाऊन २०० किलोमीटर काढून येतात. बाकीचे जानेवारीत जरा थंडी पडली की कालव्याकाठी उभे राहून बुटाने बर्फ दाबून बघतात आणि घरी जातात.

थिआल्फकडे मी बघते ती या पार्श्वभूमीवर. विजेत्यांच्या याद्या सगळ्यांना माहीत असतात. मला मात्र ही इमारत म्हणजे प्रांताने हिवाळा निसटताना पाहून वेळीच बांधलेली कोठी वाटते. ज्यांनी बांधली त्यांच्या मनात असं काही नसेल, त्यांना निकोप स्पर्धा हव्या होत्या. उपयोग मात्र तसा झाला.

१९९७ चं अजून एक आहे. अकरा शहरांची फेरी झाली त्याच जानेवारीत थिआल्फमध्ये युरोपियन अजिंक्यपद होतं आणि महिलांमध्ये टॉनी डे याँगने जर्मनीच्या गुंडा नीमानला हरवलं. नीमानला हरवणं ही त्या काळात बातमी होती, पण त्याहून मोठी बातमी टॉनीच्या पायात होती. ॲमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठात खेरिट यान फान इंगेन स्खेनाऊ यांच्या गटाने वर्षानुवर्षं घासून तयार केलेला क्लॅप स्केट. पातं बुटाला टाचेपाशी जोडलेलंच नाही, पुढे चवड्याखाली बिजागरी. जोर देताना टाच वर उचलली तरी पातं बर्फाला धरून राहतं, त्यामुळे पोटरीचा शेवटचा रेटाही कामी येतो. मग स्प्रिंग पात्याला परत खेचते आणि 'टप्' असा आवाज होतो. पुरुष खेळाडूंनी आधी या खेळण्याला नाकं मुरडली होती. पुढच्या हिवाळ्यात नागानो ऑलिंपिकला जुना स्केट घालून जायची हिंमत फारशी कुणी केली नाही. गॅलरीत बसून डोळे मिटले तर आजही थिआल्फ त्या 'टप् टप्'वरून ओळखू येतं.

बर्फाविषयी बोलायला लागले की माझं लवकर संपत नाही, घरचे साक्षीदार आहेत. तरी थोडं सांगतेच. पाणी साधं नळाचं चालत नाही. क्षार असले की बर्फ ठिसूळ आणि धुरकट होतो, म्हणून आधी ते शुद्ध करून घ्यायचं. बर्फ सारखा करणारी गाडी पात्याने वरचा थर खरवडते आणि मागून गरम पाणी सोडते. गरम का, हा प्रश्न मला प्रत्येक पाहुणा विचारतो. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते वरच्या ओरखड्यांना किंचित वितळवून त्यांच्यात मिसळतं, त्यामुळे गोठल्यावर एकसंध, काचेसारखा थर मिळतो. तापमानाचा खेळ तर त्याहून नाजूक. उणे सातच्या आसपास घर्षण सगळ्यात कमी. त्याहून थंड केलात तर पृष्ठभागावरचे घसरते रेणू आखडतात, गरम केलात तर बर्फ मऊ होऊन पातं रुततं. ५०० मीटरवाल्यांना वळणावर पकड हवी, १०,००० वाल्यांना घसरण हवी, आणि दोघेही बर्फ बनवणाऱ्या माणसाकडेच तक्रार घेऊन येतात. या माणसाला इथे बर्फाचा मास्तर म्हणतात आणि वर्तमानपत्रं त्याच्या मुलाखती छापतात. माझ्या धंद्यात कुणाची मुलाखत छापून आलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

आणि तरीसुद्धा बर्फ ही अर्धीच गोष्ट. ताशी पन्नास किलोमीटरने जाणाऱ्या स्केटरला अडवणाऱ्या एकूण बलात तीन-चतुर्थांशाहून जास्त वाटा हवेचा असतो. म्हणून ती घट्ट कातडीसारखी वेशभूषा, कमरेत वाकून पाठीवर ठेवलेले हात. उंचावर हवा विरळ, म्हणून बरेचसे जागतिक विक्रम सॉल्ट लेक सिटीच्या धावपट्टीवर होतात. ती समुद्रसपाटीपासून १,४२५ मीटरवर आहे, कॅल्गरी हजारभर मीटरवर. हेरेनवेन? शून्य. जवळपासची काही शेतं तर शून्याच्याही खाली. फरक किती पडतो ते एकाच माणसाच्या आकड्यांवरून दिसतं. फेब्रुवारी २००७ मध्ये डच स्केटर स्वेन क्रामरने थिआल्फमध्ये १०,००० मीटरचा जागतिक विक्रम केला, १२ मिनिटं ४९.८८ सेकंद. महिन्याभराने सॉल्ट लेक सिटीत त्याचाच आकडा होता १२ मिनिटं ४१.६९. पाय तेच, वर्ष तेच, हवा वेगळी. माझ्या लेखी यातला पहिला विक्रम मोठा.

इथून पुढची गोष्ट मला फार आवडते. छप्पर घालून पाऊस अडवला, वारा अडवला, ऊन अडवलं. पण हवेचा दाब छपराला जुमानत नाही. बाहेर आणि आत तोच. उत्तर समुद्रावर वादळ उभं राहिलं की दाब ९८० हेक्टोपास्कलपर्यंत उतरतो, निरभ्र थंडीच्या दिवशी १,०३० च्या वर जातो. म्हणजे आतल्या हवेच्या घनतेत सरळ पाच टक्क्यांचा फरक. त्यामुळे इथले जाणते लोक स्पर्धेच्या आदल्या रात्री हवामानाचा नकाशा बघतात, आणि बाहेर छत्री उलटी करणारं वादळ असेल तर खूश होतात, कारण उद्या वेळा चांगल्या लागणार. एवढे कोटी खर्चून निसर्गाला दाराबाहेर काढलं आणि तो भिंतीतून परत आत आला.

क्रामर हा हेरेनवेनचाच, जन्म एप्रिल १९८६, म्हणजे छपरापेक्षा सात महिन्यांनी मोठा. नऊ वेळा ऑलराउंड विश्वविजेता, दहा वेळा युरोपियन. पण लेन बदलणं म्हणजे काय हे कुणाला समजावायचं असेल तर सगळे त्याच्या हरण्याचीच गोष्ट सांगतात. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर चालू असताना त्याचे प्रशिक्षक खेरार्ड केमकर्स यांनी ऐन वेळी चुकीच्या लेनचा इशारा केला. क्रामर बाहेरच्या लेनला वळत होता, तो आत घुसला. शर्यत त्याने चार सेकंदांनी जिंकली आणि मग कळलं की तो बाद झालाय. सुवर्ण कोरियाच्या ली सुंग-हूनला गेलं. क्रामरने चष्मा फेकून दिला, ते दृश्य इथे प्रत्येकाला पाठ आहे. थिआल्फमध्ये समोरच्या सरळ पट्ट्यावर बसलात तर प्रशिक्षक अगदी जवळून दिसतात. हातात छोटा फलक, त्यावर फेरीची वेळ, आणि स्केटर जवळून जाताना ओणवं होऊन तोंडाशी ओरडणं. बाहेरच्या लेनमधून आत येणाऱ्याला वाट देण्याचा नियम आहे, आतून बाहेर जाणाऱ्याने थांबायचं. दोघं एकाच क्षणी तिथे पोचले की अख्ख्या गॅलरीचा श्वास अडकतो.

कंटाळवाण्या १०,००० मीटरची मला गोडी लावली ती शेजारच्या खुर्चीतल्या एका आजोबांनी. मांडीवर पुठ्ठा, त्याला क्लिपने अडकवलेला हाताने आखलेला तक्ता, कानावर पेन्सिल. दर फेरीची वेळ ते लिहीत होते. समोर मोठ्या पडद्यावर सगळं दिसत असताना कशाला लिहिता, असं मी विचारलं.

"पडदा काय झालं ते सांगतो," ते म्हणाले. "हे बघ. एकतीस-दोन, एकतीस-दोन, एकतीस-तीन. खांदे बघ त्याचे. आता पुढची एकतीस-आठ."

पुढची एकतीस-आठ नव्हती. एकतीस-नऊ होती. आजोबांनी पेन्सिल माझ्याकडे दिली आणि दुसऱ्या लेनचा तक्ता भरायला लावलं. तेव्हापासून मला कळलं की हा खेळ पुढे कोण आहे ते बघायचा नाही, कुणाची फेरी कधी ढासळते ते हेरायचा. पंधराव्या फेरीपर्यंत सगळे सारखेच दिसतात. त्यानंतर डाव्या वळणावर पायावरून पाय टाकताना कमरेचा कोन दोन अंश वर येतो, आणि तक्त्यात दशांश वाढायला लागतात. आजोबा १९८६ ची अकरा शहरं पूर्ण करून आले होते. पूर्ण करणाऱ्याला मिळतो तो छोटा क्रॉस त्यांच्या जाकिटाला लावलेला होता. बर्फाबद्दल मत विचारलं तर म्हणाले, "इथला बर्फ फार चांगला आहे. इतका चांगला की त्याच्याशी बोलावं लागत नाही." ही तक्रार की स्तुती, ते त्यांनी उलगडून सांगितलं नाही.

दर काही जोड्यांनंतर बर्फ सारखा करायच्या गाड्या येतात आणि तेवढ्या वेळात सासेनहाइमचं 'क्लाइंत्ये पिल्स' हे बँडपथक गॅलरी ताब्यात घेतं. ट्रॉम्बोन, ढोल, नारिंगी टोप्या, बिअरचे प्लॅस्टिकचे ग्लास. बारा हजार माणसं एका बाजूने दुसऱ्या बाजूला झुलतात. आणि मग स्टार्टर हात वर करतो, की दोन सेकंदांत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. एवढी मोठी गर्दी इतक्या झटकन गप्प होताना मी दुसरीकडे पाहिलेली नाही. बंदूक वाजते आणि आवाजाची लाट स्केटरच्या मागोमाग गॅलरीतून फिरत राहते, जिथे तो तिथे गलका.

इमारतीचं म्हणाल तर मधल्या काळात तिच्यावर गंडांतर येऊन गेलं. २०१० नंतर जुनं थिआल्फ थकलं होतं, आणि राष्ट्रीय बर्फ-केंद्राचा मान मिळवण्यासाठी अल्मेरे आणि झूटरमेर या शहरांनी नव्याकोऱ्या स्टेडियमचे आराखडे पुढे केले. एक वेळ पारडं अल्मेरेकडे झुकलंही होतं. फ्रीसलँडमध्ये तेव्हा किती संताप होता हे जुने सहकारी अजून सांगतात. पुढे तो बेत बारगळला आणि प्रांताच्या व नगरपालिकेच्या पैशांतून थिआल्फचीच जवळजवळ नव्याने बांधणी झाली, २०१५-१६ मध्ये. नवं छप्पर, त्यावर हजारो सौर पॅनेल, बर्फासाठी वेगळी हवा आणि प्रेक्षकांसाठी वेगळी. शीतकरणवालीच्या नजरेने खरी सुधारणा ही शेवटची. बर्फ तयार करताना यंत्रातून जी उष्णता बाहेर पडते ती टाकून न देता गॅलरी आणि खोल्या गरम करायला वापरायची, आणि गॅलरीतली दमट हवा बर्फापर्यंत पोचायच्या आत ओढून वाळवायची. सव्वा मेगावॅटचं उत्तर इथे आहे. छताच्या आतल्या बाजूकडेही लक्ष द्यावं लागतं, कारण उबदार छत बर्फावर सतत उष्णतेचे किरण टाकत असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, वीजबिलावर दिसतं. २०२२ मध्ये ऊर्जेचे भाव भडकले तेव्हा देशभरातल्या बर्फाच्या हॉलांचे चालक रात्री झोपले नसतील.

बारा हजार माणसं शून्यावर आली तोही हिवाळा मी इथेच काढला. २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत साथीमुळे जगभरातल्या स्पर्धा रद्द होत होत्या, तेव्हा युरोपियन अजिंक्यपद, दोन विश्वचषक फेऱ्या आणि जागतिक अजिंक्यपद असं सगळं लागोपाठ थिआल्फमध्ये उरकलं. खेळाडू एका बंद वर्तुळात, गॅलरी रिकामी. आणि नेमकं जागतिक अजिंक्यपदाच्या आठवड्यात, ११ ते १४ फेब्रुवारीला, बाहेर कित्येक वर्षांनी सणसणीत थंडी पडली. कालवे, ओढे, शेतांमधले पाट, सगळं गोठलं. जगातले सर्वोत्तम स्केटर रिकाम्या हॉलमध्ये फेऱ्या मारत होते आणि आमच्या मागच्या कालव्यावर अख्खी आळी उतरली होती. अडगळीतून लाकडी स्केट बाहेर आले. लहान मुलं स्वयंपाकघरातल्या खुर्च्या ढकलत शिकत होती. टीव्ही लावायला घरी कुणी थांबलंच नाही. त्या बर्फावरून चालताना तो खालून कडकड आवाज करत होता आणि माझी मुलगी माझा हात सोडायला तयार नव्हती. तिला स्केटिंग येत होतं, पण ते थिआल्फमध्ये शिकलेलं. बोलणारा बर्फ तिने पहिल्यांदाच ऐकला. तेव्हा आजोबांचं वाक्य मला जरा समजलं.

पण खरं सांगायचं तर अजिंक्यपदांचे दिवस वर्षात मोजकेच असतात. उरलेल्या दिवसांत थिआल्फमध्ये काय चालतं ते बघायला आठवड्यातल्या कुठल्याही साध्या दिवशी जावं. सकाळी व्यावसायिक संघांचा सराव, एकामागे एक आठ जण, सगळ्यांचे पाय एका तालात. दुपारी शाळांच्या सहली, त्यात दर दोन मिनिटांनी कुणीतरी बसकण मारतं. संध्याकाळी क्लब, त्यात सत्तरीच्या बायका, ज्या माझ्या शेजारून हात पाठीला बांधून इतक्या सहज निघून जातात की राग यावा. छोट्या हॉलमध्ये आइस हॉकी. उन्हाळ्यातही काही आठवडे बर्फ असतो, बाहेर माणसं अर्ध्या चड्डीत सायकली लावतात आणि आत येऊन टोपी घालतात. ज्या बर्फावर काल जागतिक स्पर्धा झाली त्याच बर्फावर आज माझ्यासारखीने धडपडायला कुणाची हरकत नाही, ही गोष्ट मला सगळ्या विक्रमांपेक्षा थोर वाटते. दुसऱ्या कुठल्या खेळात विश्वविजेत्याच्या मैदानावर तुम्हाला तिकीट काढून पडता येतं?

जाणार असाल तर दोन-चार कामाच्या गोष्टी. लेउवार्डन-झ्वोला मार्गावर हेरेनवेन स्टेशन आहे, तिथून बस मिळते, चालायचं तर साधारण अर्धा तास. रस्त्याचं नाव पिम म्युलिर यांच्यावरून आहे. या गृहस्थांनी १८९० मध्ये अकरा शहरं एका दिवसात पार करून त्या फेरीची कल्पना रुजवली. मोठ्या स्पर्धेला जायचं असेल तर अंतिम रेषेसमोरच्या जागांसाठी धडपडू नका. वळण संपतं तिथे बसा. स्केटर सगळ्यात जास्त तिरका तिथे होतो आणि कोण थकलंय ते पडद्याआधी तुम्हाला दिसतं. कागद-पेन्सिल बरोबर ठेवा. गॅलरीत जाड कोट लागत नाही, नव्या हवायंत्रणेची कृपा. स्वतः बर्फावर उतरणार असाल तर हातमोजे मात्र हवेतच, कारण पडल्यावर बोटांवरून कुणाचं पातं जाऊ नये. भाड्याचे स्केट मिळतात. पहिल्यांदा लांब पात्यांचे क्लॅप स्केट मागू नका, ते मिळाले तरी घेऊ नका. फिरायचं नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने. आतली बाजू वेगवानांची, आपण बाहेरच्या कडेला. मागून कुणी काही ओरडलं तर वळून बघायचं नाही, सरळ आपल्या रेषेत राहायचं. त्या सत्तरीच्या बायका बरोबर वाट काढतात.